दीड सूत फाकवलेल्या स्की

गेल्या फेब्रुवारीत डेल्बर्ट कांगसच्या मागे सदतीस स्नोमोबिल होत्या, आणि त्या सगळ्या त्याच्या मागोमाग एका मयताच्या जेवणात शिरल्या.

ठरलं होतं ते वेगळंच. हेमलॉक क्रीकच्या स्नोमोबिल क्लबची वार्षिक फेरी दर वर्षी जुन्या रेल्वेच्या बांधावरून निघते, गोठलेलं ऑटर तळं ओलांडते, पलीकडच्या खानावळीत जेवते आणि उजेड आहे तोवर घरी येते. सगळ्यांत पुढे म्होरक्या असतो. त्याने बिनबाह्यांचं नारिंगी जॅकेट घालायचं, आणि तो जाईल तिथे बाकीच्यांनी जायचं. त्याला ओलांडायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही. क्लबचे नियम एका पानावर मावतात आणि त्यातला अर्धा कागद या एका नियमाने व्यापलाय, कारण तो दोनदा लिहिलाय. नऊ वर्षं ते जॅकेट डेल्बर्टच्या अंगावर होतं. आठवड्याचे पाच दिवस तो घरोघर गॅसच्या टाक्या भरत फिरायचा, तिथे त्याच्या मागे कोणी यायचं नाही.

दोष गाडीच्या स्कींचा, म्हणजे पुढे चाकांच्या जागी असलेल्या घसरपट्ट्यांचा होता. कंपनीने दिलेल्या त्या दोन स्की अरुंद होत्या, खालून एकच कड असलेल्या, आणि घासून घासून लोणच्याच्या फोडीसारख्या झालेल्या. आधी गेलेल्या गाडीने बर्फात चर पाडला असला की डेल्बर्टची गाडी तो हुंगून काढायची आणि त्यात शिरायची. मग हँडल कुठेही फिरवा, ती आपली दुसऱ्याच्या चरातून निघाली. त्या दिवशी बांधाच्या तिठ्यावर सकाळीच कोणीतरी डावीकडे गेलेलं होतं. डेल्बर्टला वाटलं, पन्नास पावलांत काढू बाहेर. पन्नास पावलं झाली, दोनशे झाली, आणि चर संपला तो थेट लूथरन चर्चच्या आवारात, मयताच्या गाडीला खेटून.

मागून एकेक करून सदतीस गाड्या आल्या आणि नीट ओळीत उभ्या राहिल्या. लोकांनी हेल्मेट काढली, बूट झटकले आणि डेल्बर्टच्या मागे तळघरात उतरले. तिथे सेल्मा यार्वी नावाच्या ब्याण्णव वर्षांच्या बाईंच्या नावाने जेवण चाललं होतं. चर्चच्या बायकांनी अडतीस खुर्च्या आणखी मांडल्या. हॅम होतं, सायीतले बटाटे होते, वेलदोड्याचा पाव होता. चुकून आलो हे सांगायची वेळ दारातच निघून गेली. पुढे कोणीतरी अपेक्षेने डेल्बर्टकडे बघितलं, तेव्हा त्याने उठून चार शब्दही सांगितले. सेल्माबाईंना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्या सगळ्यांशी चांगलं वागायच्या, असं तो म्हणाला. त्यांच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात क्लबला आभाराचं पत्र आलं आणि ते फळ्यावर लागलं.

आणि मग कोणी काहीच बोललं नाही. डेल्बर्टच्या जिवाला घोर लागला तो इथे.

हे लोक बोलत नाहीत म्हणजे रागावले आहेत असं नाही, आणि रागावले नाहीत असंही नाही. अकरा महिने डेल्बर्ट अंदाज घेत फिरत होता. टाकी भरायला गेला की घरवाल्याच्या चेहऱ्याकडे बघायचा. घरवाला म्हणायचा, यंदा बर्फ बरं आहे. ते चुकून झालं हे त्यांना कळलंय, की मी मुद्दाम नेलं असं वाटतंय? बायकोलाही विचारायची त्याची छाती झाली नाही. मार्लिस त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती की बटाट्यात साय सढळ हाताने घातली होती.

यंदा जानेवारीत क्लबचे अध्यक्ष ऊनो लेप्पानेन भेटले. वय एकोणऐंशी; रांगेत कायम शेवटी, शेपूट सांभाळायला. ते म्हणाले की फेरी झाली की म्होरक्याबद्दल एकदा बसून ठरवू. व्हर्नाचंही नाव आलंय.

व्हर्ना, आडनाव तिकाला, रस्ते खात्याचा बर्फनांगर चालवायची. रांगेत ती दुसरी असायची. तिचा चर बघून पट्टी आखून घ्यावी, असं लोक म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा माहितीच जास्त असायची.

डेल्बर्टने त्याच दिवशी ठरवलं की स्की बदलायच्या. स्की बदलल्या, गाडी बांधावरून सरळ गेली, की सगळ्यांना आपोआप दिसेल की गेल्या वर्षी माणूस चुकला नव्हता, प्लास्टिक चुकलं होतं. जॅकेट अंगावर राहील, आणि तोंड उघडायची वेळ येणार नाही.

गॉर्डी मॅकीच्या दुकानात तो पाच दिवसांत सहा वेळा गेला. गॉर्डीने काउंटरवर तीन जोड्या मांडल्या. एक रुंद, खोल कडेची, खोल भुसभुशीत बर्फासाठी. एक मधली. आणि एक दुहेरी, म्हणजे खालून दोन कडा असलेली, दोन्ही कडांना कार्बाइडच्या टणक पट्ट्या, आतली लांब आणि बाहेरची आखूड. डेल्बर्टने प्रत्येक जोडी उचलली, वाकवली, उलटी केली, कानाशी धरून टिचकी मारली. तिसऱ्या खेपेला तो दुकानाच्या फरशीवर दुहेरी जोडीवर उभा राहिला आणि अंग डावी-उजवीकडे झुकवून बघू लागला. एका गिऱ्हाइकाने थांबून बघितलं आणि तेही शेजारच्या जोडीवर उभं राहिलं.

गॉर्डीने शेवटी हात टेकले. म्हणाला, "डेल्बर्ट, एकच सांग. तुला सरळ जायचंय, का वळायचंय?"

डेल्बर्टने एक स्की पुन्हा उलटी करून बघितली.

"दोन्ही लागेल," तो म्हणाला.

"मग दुहेरी ने. एक कड दुसऱ्याच्या चरात सापडली तर दुसरी तिला बाहेर ओढते. पण ऐक, हँडल जड होईल. आणि नुसत्या ठोकून बसवू नकोस, माप घे. चुकीच्या मापाने चांगली स्की बसवणं म्हणजे चष्मा उलटा घालणं."

त्यावर डेल्बर्टने घरी जाऊन एकदा चष्मा उलटा घालून बघितला. गॉर्डीचं बरोबर होतं.

फेरीला तीन दिवस उरले होते. गुरुवारी सुट्टी टाकून त्याने गोठ्यात गाडी जॅकवर चढवली. गोठ्यात गाय अठरा वर्षांपूर्वी असायची, आता फक्त नाव उरलंय. टेप धरायला मार्लिस आली, विणकाम सोबत घेऊन, कारण नवऱ्याचं 'पाच मिनिटं' तिला ठाऊक होतं.

जुन्या स्की निघाल्या. स्की आणि गाडीचा पुढचा पाय यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो, तो डेल्बर्टने नव्या स्कीत घातला, बोल्ट कसला, आणि स्कीने नाक जमिनीला टेकवलं, खाणं शोधणाऱ्या कोंबडीसारखं. ठोकळा उलटा बसला होता. तो काढला, फिरवला, घातला. मग वॉशर. दोन्ही बाजूंना सारखे वॉशर, नाहीतर एक स्की घराकडे आणि दुसरी शेजाऱ्याकडे बघते. मग खरं काम. हँडल सरळ बांधून टाकायचं, गाडी ज्यावर चालते त्या मागच्या रबरी पट्ट्याला खेटून एक लांब सरळ पट्टी पुढपर्यंत लावायची, दोन्ही स्कींच्या टोकांना रबरी दोरी घालून सगळं ढिलेपण काढायचं, आणि पट्टीपासून स्कीच्या कडेपर्यंतचं अंतर पुढे एकदा, मागे एकदा मोजायचं. पुढचं अंतर किंचित जास्त हवं. स्की पुढून जराशा फाकलेल्या असल्या की गाडी शांत चालते. गॉर्डीने सांगितलं होतं, एक ते दोन सूत, फार तर पाव इंच. डेल्बर्टला दीड हवं होतं.

पहिल्यांदा दोन सूत आलं. त्याने नट अर्धा आटा फिरवला, गाडीवर बसून उतरला, पुन्हा मोजलं. सव्वा. पुन्हा फिरवला. पावणेदोन. मार्लिस टेपचं टोक धरून दुसऱ्या हाताने मोज्याची टाच विणत होती. सातव्या मापाला तिने विचारलं की दीड आणि सव्वामध्ये जीव जातो का कोणाचा. डेल्बर्ट म्हणाला, जातो. अकराव्या मापाला दीड आलं. मग त्याच्या लक्षात आलं की गोठ्याची फरशी गटाराकडे उतरती आहे, आणि त्याने गाडी फिरवून उलट्या तोंडाने उभी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर मोजा संपला होता. मार्लिसने दुसरा घेतला.

शुक्रवारी त्याने घरामागच्या माळावर गाडी काढली. शेजाऱ्याचा जुना चर आडवातिडवा पडला होता. त्याने मुद्दाम त्यात गाडी घातली आणि ती मुद्दाम बाहेर आली. त्याला इतका आनंद झाला की वळायची वेळ आली हे लक्षात राहिलं नाही. लक्षात आलं तेव्हा हँडल वळवलं, स्कीही वळल्या, पण गाडी सरळच गेली आणि कपडे वाळत घालायच्या खांबाच्या दोन हात अलीकडे थांबली. पुढच्या भागावर वजन कमी पडत होतं. मग मागच्या पट्ट्याला पुढून धरणारा बंद एक भोक आवळ, स्प्रिंग थोडी ढिली कर, पुन्हा माळ. पुन्हा आवळ. शनिवारी सौनात, घरच्या वाफेच्या खोलीत, बसल्या बसल्या त्याला वाटलं, एक भोक जास्त झालं. तो वाफेत तसाच उठला, कमरेला टॉवेल गुंडाळून बर्फातून गोठ्यात गेला, बंद तपासला आणि परत आला. चार मिनिटांनी पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला केस ताठ झाले होते.

मार्लिस वरच्या फळीवर बसून होती. म्हणाली, "आता जाशील तेव्हा दार लावून घे. आणि तिथेच राहिलास तरी चालेल."

रविवारी सकाळी सदतीस गाड्या जमल्या, डेल्बर्टची धरून. गेल्या वर्षीपेक्षा एक कमी. एकजण फ्लोरिडाला राहायला गेला होता आणि त्याचं नाव आता घेत नसत. ऊनो काका खाली वाकले, नव्या स्कींकडे बघितलं, सरळ झाले आणि म्हणाले की आज वारा नाही.

बांधावरचा तिठा आला तेव्हा डेल्बर्टने वेग कमी केला. डावीकडे चर होता, ताजा, खोल. गाडीचं नाक सुईच्या टोकाएवढं तिकडे झुकलं. त्याने हँडलला जरासा हात लावला आणि गाडी सरळ निघून गेली, त्या चराला तिने ओळखही दाखवली नाही. आरशात एकामागून एक गाड्या सरळ येताना दिसल्या. संपलं होतं. जॅकेट वाचलं होतं. इथून पुढे नुसतं सरळ जायचं होतं, वीस मैल.

पण गुरुवारपासून हातांना चळ लागलेला, तो असा थांबतो होय? ऑटर तळ्यावर पोचेपर्यंत त्याच्या मनात एकच किडा वळवळत होता. सरळ जाते हे सगळ्यांनी बघितलं. वळते किती छान, हे कोणी बघितलंच नाही.

तळ्याच्या मध्ये एक छोटं बेट आहे. वाट त्याच्या उजवीकडून जाते. डेल्बर्टला वाटलं, बेटाला जरा जवळून वळसा घ्यावा, एक छोटासा बाक, आणि परत वाटेवर. त्याने हँडल वळवलं. स्कींनी बर्फ धरलं ते असं की जणू तळ्याला खाली रूळच बसवलेत. ना घसरणं, ना ओढणं. त्याने आणखी थोडं वळवलं. मग आणखी थोडं. बाक संपूच नये असं वाटत होतं, आणि तो संपला नाहीच. बेटाची मागची बाजू गेली, डावी बाजू गेली, आणि समोर एका गाडीचा लाल दिवा दिसला.

त्याला क्षणभर कळेना की आपल्यापुढे कोण गेलं. मग ओळखीचा हिरवा कोट दिसला. ते ऊनो काका होते. रांगेचं शेपूट.

बेट बरोबर सदतीस गाड्यांच्या मापाचं होतं.

शेपटाला ओलांडायचं नाही, असाही नियम आहे. म्होरक्याच्या मागून हटायचं नाही, हा तर दोनदा लिहिलेला. डेल्बर्ट काकांच्या मागे राहिला. व्हर्ना डेल्बर्टच्या मागे राहिली. त्याच्या दुहेरी स्कींनी पाडलेले चर आता इतके खोल झाले होते की जुन्या स्कींवाल्यांना बाहेर पडायचं म्हटलं तरी पडता आलं नसतं. दुसरी फेरी सुरू झाली.

आणि एक अडचण होती. वाटेत समोरून गाड्या आल्या की हाताने खूण करतात: मागे किती जण आहेत ते बोटांनी दाखवायचं, पाचापेक्षा जास्त असले तर पंजा, आणि अगदी शेवटच्याने मूठ. बेटाच्या पलीकडून येणाऱ्या गाड्या झाडांमधून समोरून आल्यासारख्याच दिसत होत्या. सवयीने लोकांचे हात वर गेले. छत्तीस जणांनी एकमेकांना पंजे दाखवले. ऊनो काकांनी मूठ वर केली, मग आरशात बघितलं, मागे डेल्बर्टचा दिवा दिसला. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी मूठ उघडली.

बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्या एकाची टपरी जरा पलीकडे होती. तिसऱ्या फेरीला तिचं दार उघडलं, एक डोकं बाहेर आलं, फेरी पूर्ण होईतो बघत राहिलं, आणि दार बंद झालं.

आपण थांबल्याशिवाय हे थांबणार नाही, पेट्रोल संपेपर्यंत नाही, हे डेल्बर्टला स्पष्ट दिसत होतं. थांबलो तर काहीतरी बोलावं लागेल. चौथ्या फेरीच्या निम्म्यात त्याने हात वर केला आणि ब्रेक दाबला. मागच्या थांबल्या. त्यांच्या मागच्या थांबल्या. ते थांबणं बेटाला वळसा घालून परत येऊन ऊनो काकांपाशी पोचलं, आणि तेही थांबले.

इंजिनं बंद झाली.

ऊनो काका उतरून आले. मागून व्हर्ना आली, तिच्या मागून मार्लिस. काकांनी हेल्मेट काढून काखेत धरलं आणि डेल्बर्टला विचारलं, अगदी सहज, "कॉफीसाठी थांबलोय ना?"

मागे दोघा-तिघांनी थर्मास काढलेसुद्धा होते. हो म्हणायचं, बस. हो म्हटलं की बेटाभोवती चार फेऱ्या ही क्लबची पद्धत ठरणार, पुढच्या वर्षी लोक आपणहून घालणार, आणि जॅकेट पुढची नऊ वर्षं हलणार नाही. आणि डेल्बर्ट पुढची नऊ वर्षं टाक्या भरता भरता लोकांचे चेहरे वाचत फिरणार. त्याने हेल्मेट काढून गाडीवर ठेवलं.

"नाही काका," तो म्हणाला. "चुकलं माझं. आणि गेल्या वर्षीचं ते चर्चचंही चुकूनच झालं होतं."

काकांनी मान हलवली. "ते माहीत आहे. स्की ओढत होत्या तुला. खांदे दिसत होते तुझे."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"जेवण चाललं होतं."

"त्यानंतर अकरा महिने गेले, काका."

काकांनी त्यावर खरोखर विचार केला. "विषय निघाला नाही," ते म्हणाले.

डेल्बर्टने मार्लिसकडे बघितलं. ती म्हणाली की तिला तिठ्यावरच कळलं होतं, पण तो एवढ्या आत्मविश्वासाने निघाला होता की वाटलं, असेल यार्वीबाईंची ओळख. आज मात्र बेटावर कोणाचं मयत आहे ते तिला आठवेना.

व्हर्ना वाकून नव्या स्कींकडे बघत होती. हातमोजा काढून तिने कडेवरून बोट फिरवलं. "आणि आज काय झालं?" तिने विचारलं. "आज ओढत होत्या?"

इथे डेल्बर्टला सांगता आलं असतं, की हो. नव्या आहेत, अजून बसायच्यात, बंद एक भोक जास्त आवळलाय. तोंडावर आलं होतं. पण अकरा मापं घेऊन बसवलेल्या स्कींवर आळ घ्यायला त्याची जीभ उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "स्की एकदम बरोबर आहेत. मीच वळवत होतो. थांबवेना."

"हां," ऊनो काका म्हणाले, आणि त्यात सगळी बैठक उरकली.

डेल्बर्टने जॅकेट डोक्यावरून काढलं आणि व्हर्नापुढे धरलं. तिने लगेच घेतलं नाही. म्हणाली की अर्ध्या वाटेत कोणी बदलत नाही. काका म्हणाले की तसा नियम कुठे लिहिलेला नाही, कागदावर जागा उरली नव्हती. मग तिने ते घातलं. कोटावर जरा आखूड झालं. ते खाली ओढत तिने विचारलं, "फाकवल्यास किती?"

"दीड सूत."

"मी एक ठेवते."

"एकाने हलेल."

"तुझी हलेल," व्हर्ना म्हणाली आणि आपल्या गाडीकडे गेली.

ती गाडी काढून कडेने, कोणाच्याही चरात न शिरता, वाटेवर आली आणि खानावळीच्या दिशेने निघाली. डेल्बर्ट दुसरा. आता त्याच्यापुढे दुसऱ्याचा चर होता, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, आणि जुन्या स्की असत्या तर हात सोडून बसता आलं असतं. या स्कींना व्हर्नाच्या चराशी काही देणंघेणं नव्हतं. तळ्याच्या टोकाला ती उजवीकडे वळली. डेल्बर्टची गाडी सरळ काठावरच्या लव्हाळ्यांकडे निघाली होती, अगदी शांतपणे, दीड सुताच्या शिस्तीत. त्याने दात आवळले, जड हँडल दोन्ही हातांनी ओढलं आणि तिच्या मागे वळवलं.